मनगट व हात यांच्या दुखापती

मनगट, तळहात व बोटे यांतील अस्थी, सांधे, अस्थिबंध (हाडे एकमेकांस बांधणारे तंतुमय पट्टे), कंडरा (स्नायूंची ओढ हाडांपर्यंत पोहोचविणाऱ्या दोऱ्या), तंत्रिका व रक्तवाहिन्या यांना आघाताने होणाऱ्या इजांचा या संज्ञेत समावेश होतो. एका हातात मनगटाच्या ८, तळहाताच्या ५ व बोटांच्या १४ मिळून २७ अस्थी असतात. बोटांची हालचाल करणारे स्नायू बोटांत नसून तळहातात व अग्रबाहूत असतात. त्यांच्या कंडरा त्वचेखाली थोड्याच खोलीवरून जातात. त्यामुळे बोटावरील लहानशी जखमही कंडरा किंवा तंत्रिका तोडू शकते. जखमेच्या आकारावरून इजेची गंभीरता ठरविणे म्हणूनच धोक्याचे असते.

कारणे : पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे टेकतो व शरीराचा भार मनगटावर येतो. न्हाणीघरात घसरणे, दुचाकीवरून पडणे व खेळ ही याची नेहमीची कारणे होत. दुसरा मोठा वर्ग कामावरील अपघातांचा आहे. १९९८ मध्ये सांगली व मिरज यांच्यासह एका महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या कुपवाड येथे औद्योगिक वसाहत असून भोवतालचा प्रदेश ऊस व हळद पिकविणारा आहे. अशा परिसरात लेथ, दाबयंत्र व ग्राइंडर यांच्याप्रमाणेच कोयता, कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि उसाचा चरक यांपासूनही हाताला धोका संभवतो.

परीक्षण : प्रथम दोन्ही हात शेजारी ठेवून तुलना करावी. तळहात वर करून हात सैल ठेवला असता तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटे क्रमाने अधिकाधिक वाकलेली दिसतात. जखमेनंतर एखादे बोट सरळच राहिले, तर त्याची आकुंचक कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. मूठ मिटताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल, तर हाडाचे तुकडे पीळ पडून सरकल्याचे ते लक्षण असते. बोटाच्या दोन्ही कडांना हलका स्पर्श करून संवेदना तपासावी. बधिरता असल्यास तंत्रिकेला इजा झालेली असू शकते. नख दाबून सोडल्यावर सुमारे दोन सेकंदांत लाली परत न आल्यास रक्तपुरवठ्यात अडथळा असण्याची शक्यता असते.

सामान्य प्रकार : अंगठ्याच्या बाजूच्या अग्रबाहूच्या हाडाचा (अरास्थीचा) मनगटाजवळील भंग विशेषतः हाडे विरळ झालेल्या वृद्ध स्त्रियांत आढळतो. तुटलेला भाग मागे सरकल्याने मनगट बाजूने पाहता जेवणाच्या काट्यासारखे दिसते. डब्लिन येथील शल्यचिकित्सक ॲब्राहॅम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी ८१ वर्षे, या भंगाचे वर्णन केले. म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

नौकास्थीचा भंग तरुणांत अधिक आढळतो व तो सहज नजरेतून निसटतो. मनगटाला फारसा बाक येत नाही व सूजही बेताची असते. त्यामुळे रोगी लचक समजून काम करीत राहतो. अंगठा ताठ वर केला असता त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबल्यावर दुखणे हे या भंगाचे महत्त्वाचे लक्षण होय. पहिल्या क्ष-किरण छायाचित्रात भंग दिसेलच असे नाही. म्हणून संशय असल्यास मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात व सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. या अस्थीला रक्त मुख्यतः बोटांकडील टोकाकडून मिळते. भंगामुळे ते तुटल्यास अग्रबाहूकडील तुकडा निर्जीव होऊन सांध्याची कायमची झीज होऊ शकते.

चेंडू बोटाच्या टोकावर आदळल्यास प्रसारक कंडरा तुटून बोटाचे शेवटचे पेर लोंबते व आपले आपण सरळ होत नाही. ते पेर सहा ते आठ आठवडे पट्टीने अखंड सरळ ठेवावे लागते. मध्येच एकदाही वाकल्यास उपचाराचा काळ पुन्हा मोजावा लागतो. भिंतीवर किंवा अन्यत्र मूठ आपटल्यास करंगळीमागील तळहाताचे हाड मोडते. उच्च दाबाच्या ग्रीस किंवा रंगाच्या फवाऱ्याने झालेले छिद्र टाचणीएवढे दिसते, परंतु द्रव्य आत खोलवर पसरते. वेदना कमी असली, तरी ही तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.

प्रथमोपचार : सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून थांबवावा, हात उंच धरावा व मनगट पट्टीने स्थिर करावे. दुखरा भाग चोळणे, ओढून ‘बसविणे’ किंवा घट्ट आवळून बांधणे टाळावे. त्यामुळे मोडलेली हाडे अधिक सरकतात किंवा रक्तपुरवठा तुटतो. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फमिश्रित पाण्यात ठेवावी. बर्फाचा बोटाला प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये. १९६५ मध्ये जपानमधील कोमात्सू व तामाई यांनी पूर्णपणे तुटलेला अंगठा सूक्ष्मशल्यचिकित्सेने पुन्हा जोडला. तेव्हापासून असे अवयव वाचविण्याची शक्यता वाढली आहे. मात्र वेळ व योग्य जपणूक यांवर यश अवलंबून असते.

प्रतिबंध : यंत्रांच्या फिरत्या भागांना आवरण घालणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले. दाबयंत्र दोन्ही हातांनी कळ दाबल्याखेरीज चालू न होण्याची व्यवस्था विशेष उपयुक्त ठरते. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नयेत, कारण ते अडकून हात आत ओढला जातो. चालू यंत्रात अडकलेला माल हाताने काढू नये. हात हे श्रमिकाच्या उपजीविकेचे साधन असल्याने, लचक मानून दुर्लक्षिलेली एक इजाही त्याच्या कुटुंबावर दीर्घकाळ परिणाम करू शकते.