पाणी तापले की धातू मातीला जास्त का चिकटतात?



पाणी उकळले की त्यातले सगळे दोष गेले, असे आपल्याकडे सर्रास मानतात. जंतूंच्या बाबतीत ते ठीक आहे. पण शिसे, कॅडमियम असले धातू उकळून जात नाहीत. पाणी आटेल तसे ते उलट दाटच होतात. मग उष्णतेचा आणि धातूंचा संबंध काय, ते पाहू.

पाण्यात विरघळलेल्या धातूच्या कणावर धन विद्युतभार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचे कवच असते. चिकणमाती किंवा लोखंडाच्या गंजाच्या पृष्ठभागावर त्याला धरणाऱ्या जागा असतात. तिथे घट्ट बसायचे तर हे कवच थोडे उतरवावे लागते आणि त्याला उष्णता लागते. म्हणून शिसे, जस्त, कॅडमियम हे गार पाण्यापेक्षा कोमट पाण्यात गंजाला जास्त आणि लवकर चिकटतात. आर्सेनेट व क्रोमेट यांची चाल निराळी. त्यांच्यावर ऋणभार असतो, आणि तापमान वाढले की त्यांची पकड बहुधा ढिली पडते.

मात्र तापमानापेक्षा मोठा कारभारी आहे सामू. पाणी आम्लधर्मी झाले की धरलेले शिसे, जस्त पुन्हा सुटते.

आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. चिकणमाती भरपूर, चुनखडीही असते. अशी जमीन धातू चांगले धरते. पण ही पकड दुधारी आहे. सांडपाण्यातून आलेले शिसे सहसा खोल जात नाही, पण वरच्या थरात साठत राहते. आणि आपण पैसे मोजून टाकलेले झिंक सल्फेटही जमीन तसेच धरून बसते, उसाच्या मुळांना मिळत नाही.

तेव्हा एवढे करावे:

१) माती परीक्षणात जस्ताची उणीव दिसली तरच झिंक सल्फेट द्यावे. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे.

२) सांडपाणी शेताला देण्यापूर्वी त्याची व मातीची तपासणी करून घ्यावी.

३) पिण्याच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

४) जुन्या नळांतले गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नये, गरम पाण्यात नळाचे शिसे जास्त विरघळते.

जमीन धातू धरते खरी, पण ती पचवत नाही. तिच्यावर किती भार टाकायचा, हे आपल्याच हाती आहे.