बाल्कनीतलं वीजघर

जर्मनीत घरांच्या कठड्यांवर सौरपॅनेलं टांगलेली सर्रास दिसतात. पॅनेलची डीसी वीज छोटा इन्व्हर्टर एसी करतो आणि साध्या प्लगमधून घराच्या वायरिंगमध्ये सोडतो. फ्रिज आधी हीच वीज वापरतो. कमी पडेल तेवढीच बाहेरून येते. २०२४पासून तिथे या इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॅट आहे.

मला यातली सुरक्षेची सोय सर्वांत मोलाची वाटते. प्लग उपसला किंवा बाहेरची लाइट गेली, की इन्व्हर्टर क्षणार्धात बंद होतो. त्यामुळे उघड्या पिनांचा शॉक बसत नाही, खांबावरचा वायरमनही सुरक्षित राहतो. म्हणजेच बॅटरी नसेल, तर लाइट गेल्यावर भर उन्हातही हे पॅनेल निरुपयोगी!

महाराष्ट्रात मात्र असा प्लग परस्पर लावू नका. आधी वीज कंपनीची मंजुरी घ्या.