मीथच्या कुरणांखालचा इतिहास

डब्लिनच्या वायव्येस पसरलेली मीथ ही आयर्लंडमधील एक काउंटी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्हा. बॉइन नदीचे सुपीक खोरे, गुरांची कुरणे आणि धान्याची शेते असा हा ग्रामीण मुलूख. या शेतांमध्ये मधूनच गवताने झाकलेला एखादा उंचवटा दिसतो आणि तो निसर्गाने नव्हे, तर माणसाने रचलेला आहे, हे जवळ गेल्यावरच ध्यानात येते.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध न्यूग्रेंज. इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही काही शतके आधी, हे थडगे बांधले गेले. १६९९ मध्ये तेथील जमीनदाराचे मजूर बांधकामासाठी दगड काढून नेत असताना त्याचे प्रवेशद्वार उघडे पडले. १९६२ पासून प्रा. मायकेल ओ'केली यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, अशी त्या परिसरात जुनी समजूत होती. दारावरच्या चौकोनी झरोक्याचे प्रयोजन शोधताना ओ'केलींनी ती गंभीरपणे घेतली आणि २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ते एकटेच आत जाऊन बसले. सूर्योदयानंतर काही मिनिटांतच १९ मीटर लांबीच्या वाटेतून प्रकाशाची बारीक रेघ आत सरकली आणि गाभारा उजळला. छतावर चढवलेल्या शिळांना पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून चरही कोरलेले आहेत! दर्शनी भागातील शुभ्र गारगोट्यांची उभी भिंत मात्र विसाव्या शतकातील पुनर्रचना असून तिच्यामागे काँक्रीट आहे. ती मूळची अशीच होती, हे सर्व पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. आणि पाहणाऱ्यालाही ती जरा अधिकच नीटनेटकी वाटते.

शेजारची नौथ आणि डौथ ही थडगी धरून हा परिसर १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. दगडी वास्तूंच्या बाबतीत जतन म्हणजे काय, हे सहज समजते. पण मीथमधील कितीतरी स्थळे दगडाची नाहीतच. लाकडी खांब रोवून उभारलेली वर्तुळे कुजून गेली आणि खांबांच्या खड्ड्यांत वेगळ्या रंगाची माती तेवढी उरली. ही माती हेच तेथील स्मारक. ते अभ्यासण्यासाठी खणावे लागते आणि खणले की ते संपते.

हा पेच २००७ मध्ये लिसमुलिन येथे उभा राहिला. प्राचीन आयरिश राजांच्या अभिषेकाशी निगडित असलेली तारा टेकडी येथून अवघ्या दोन किलोमीटरच्या आसपास आहे. एम-३ महामार्गाच्या कामात लोहयुगातील, सुमारे ८० मीटर व्यासाचे खांबांचे वर्तुळ तेथे सापडले. त्याला राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले. तरीही रस्त्याची आखणी बदलली नाही. निदर्शने झाली, न्यायालयीन लढे झाले. अखेर शासनाने 'नोंदीद्वारे जतन' हा मार्ग स्वीकारला. म्हणजे पूर्ण उत्खनन, मोजमाप, छायाचित्रे, अहवाल आणि त्यानंतर डांबर. जून २०१० मध्ये महामार्ग खुला झाला. डब्लिनला रोज ये-जा करणाऱ्यांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु रस्त्याला दुसरी वाट काढता आली असती. त्या वर्तुळाला ती मुभा नव्हती. शिवाय अहवालात उतरते ते त्या काळच्या अभ्यासकांनी विचारलेल्या प्रश्नांपुरतेच. पुढच्या पिढीला नवे प्रश्न पडले, तर तपासायला ती जागा शिल्लक नाही.

जुलै २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये कडक अवर्षण पडले. न्यूग्रेंजजवळच्या एका शेतावरून ड्रोन उडवणाऱ्या दोघा अभ्यासकांना सुकलेल्या पिकात अचानक एक भव्य हिरवे वर्तुळ दिसले. खांबांच्या व चरांच्या जागी भरलेली माती ओल अधिक काळ धरून ठेवते, म्हणून तेवढ्याच भागातील रोपे टवटवीत राहिली होती. जमिनीवर उभे राहून पाहिले तर तेथे फक्त शेत होते. पाऊस परतला, तशी ती खूणही विरून गेली. खालची माती मात्र होती तेथेच आहे.