‘सौम्य धक्का, नुकसान नाही’: मग भिंतींना तडे कसे जातात?

‘भूकंपाचा सौम्य धक्का, कोणतंही नुकसान नाही.’ ही ओळ आपण फोनवर वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात मात्र नोव्हेंबर २०१८ पासून ही बातमी पुन्हा पुन्हा येत राहिली. धुंदलवाडी परिसरातले बहुतेक धक्के ४ पेक्षा कमी तीव्रतेचे होते. तरीही घरांना तडे गेले आणि ऐन थंडीत लोक तंबूत झोपले.

तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, मुंबईच्या टोकाशी कफ परेडचं मच्छीमार नगर आहे. इथे पालघरचा छोटा धक्का सहसा जाणवतही नाही. मग इथल्या घरांची, शहरातल्या पुलांची काळजी करायची का? ते बांधकामाची तब्येत कशी आहे, यावर ठरतं.

तार वाकवून बघा

लोखंडी तार हलकीशी वाकवून सोडली, तर ती पुन्हा सरळ होते. कितीही वेळा करा. पण जोरात मुडपली की वाकडीच राहते आणि त्याच जागी पाच-दहा वेळा उलटसुलट केली की तुटते.

बांधकामाचंही असंच असतं. हादरा त्याच्या मर्यादेत असेल तर काही बिघडत नाही, त्यामुळे प्रत्येक धक्क्याने घाबरायचं कारण नाही. मर्यादा ओलांडली की काँक्रीटमध्ये केसाएवढ्या भेगा पडतात, सळईवरची काँक्रीटची पकड सुटू लागते. विटांच्या भिंतीत सांध्यांतला माल सुटतो. असं बांधकाम उभं दिसतं, पण ढिलं झालेलं असतं. पहिल्यांदा सहज पचवलेला धक्का पुढच्या वेळी त्याला जड जातो. माती-विटांच्या साध्या घरांची मर्यादा मुळातच कमी. पालघरमध्ये नेमकं हेच घडलं.

पुलाचं दुखणं थोडं वेगळं. त्याचे गर्डर बहुतेक वेळा खांबांवर थेट नाही, तर बेअरिंगवर टेकलेले असतात. मोठ्या हादऱ्यात गर्डर जागचा सरकू शकतो. तो परत जागेवर बसवला नाही, तर पुढच्या वेळी त्याला टेकायला तेवढीच कमी जागा उरते. खालून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

‘सुरक्षित’ शिक्का आणि पाच महिने

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चजवळ ४ सप्टेंबर २०१० रोजी ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर शहरातल्या सीटीव्ही इमारतीची पाहणी झाली आणि ती वापरायला योग्य ठरली. २२ फेब्रुवारी २०११ ला ६.३ चा धक्का बसला. आकडा लहान, पण केंद्र शहराच्या अगदी जवळ. इमारत कोसळली, ११५ जण गेले. तिच्या रचनेतच दोष होते, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. वरवरच्या पाहणीत ते कळलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक लोकांचा जीव गेला. हादरा मुंबईपर्यंत जाणवला. १०३ मीटर उंच धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. त्यानंतर या भागात ५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसएक भूकंप झाले. धरण उभं आहे, कारण त्या भेगा भरल्या गेल्या, भिंतीला मागून आधार दिला गेला आणि यंत्रांनी तिच्यावर सतत लक्ष ठेवलं गेलं.

मुंबईत गंज आधी येतो

भारतीय मानक ब्युरोच्या २००२ च्या नकाशात मुंबई तिसऱ्या झोनमध्ये आहे, म्हणजे धोका मध्यम. कफ परेडचा मोठा भाग भरावाच्या जमिनीवर आहे आणि अशा मऊ जमिनीत हादरा खडकापेक्षा जास्त जाणवू शकतो. त्यात समोर समुद्र. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचतं, सळई गंजून फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. भूकंपाने जे व्हायचं, त्यातलं अर्धं काम गंजाने आधीच केलेलं असतं.

३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी मुंबई महापालिका कायद्यानुसार बंधनकारक आहे. पण साध्या घरावर टप्प्याटप्प्याने माळा चढवला असेल, कागदावर आराखडाच नसेल, तर इंजिनिअरने ताडून बघायचं कशाशी?

अशा घरात काही खुणा स्वतःलाही बघता येतात. खांबाच्या उंचीला समांतर जाणारी उभी भेग, तिच्याभोवती तपकिरी डाग, टकटक केल्यावर येणारा पोकळ आवाज: तिन्ही आतल्या गंजाकडे बोट दाखवतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेच्या पुढे गेली, तर वरून प्लास्टर मारण्याआधी ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. प्लास्टर केलं की खूणही जाते आणि भेग वाढतेय की थांबलीय, हे कळायचा मार्गही.