वेडेवाकडे दात आणि तारेचा उपचार : पालकांसाठी काही माहिती

दात पुढे आलेली मुलगी हसताना तोंडावर हात धरते. उत्तर येत असूनही काही मुले वर्गात उभी राहून बोलत नाहीत. घरात मात्र दातांचा विषय निघतो तो मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर, आणि तोपर्यंत उपचाराची सोपी वर्षे निघून गेलेली असतात. तार लावल्याने दात ढिले होतात काय? दात काढला तर नजर जाते काय? एवढा खर्च आपल्याला झेपेल काय? नवीन जालन्यातील घराघरांत विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

दात वाकडे का येतात?

पहिले कारण आनुवंशिक आहे. जबडा लहान आणि दात रुंद असले की दातांना ओळीत उभे राहायला जागा पुरत नाही. दुसरे कारण सवयींचे. चार वर्षांच्या पुढेही अंगठा चोखणे, नाक चोंदल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणे, गिळताना जीभ दातांवर रेटणे, यांमुळे समोरचे दात पुढे येऊ शकतात.

तिसरे कारण आपल्या हातातले आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. दुधाचे दात वीस असतात. "ते पडणारच आहेत, मग त्यांच्यावर पैसे कशाला घालवायचे?" असे आपण म्हणतो. परंतु दुधाची प्रत्येक दाढ खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा राखून ठेवीत असते. या दाढा साधारणपणे दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायला हव्यात. त्या किडून पाचव्या-सहाव्या वर्षीच काढाव्या लागल्या, तर मागची दाढ पुढे सरकते आणि नंतर येणारा दात जागा न मिळाल्याने आडवातिडवा निघतो. म्हणून दुधाची दाढ किडली तर ती भरून घ्यावी. काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी पट्टी बसवता येते, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली की काढून टाकतात. ही पक्की दाढ आहे, ती गेली की पुन्हा येत नाही. वरचे व खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, हे याच दाढेवरून ओळखले जाते. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये तिच्याच आधारे वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले, आणि जगभर आजही ते वापरात आहेत.

तार दात कसा सरकवते?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. तारेचा हलका दाब सतत राहिला, की ज्या बाजूला दात रेटला जातो तिकडचे हाड हळूहळू विरते आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड भरते. अशा रीतीने दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो.

आपले जालना पोलादाचे गाव. येथे लोखंड तापवून आणि दाबून सळई काढतात, जोर वाढवला तर काम लवकर होते. दाताचे तसे नाही. जोर जास्त झाला तर तेथील रक्तपुरवठा थांबतो, दात अडतो आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो. उपचाराला साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात, ती हाडाच्या या चालीमुळे. "सहा महिन्यांत करून द्या" असा आग्रह आपण धरू नये.

दातावर चिकटवलेल्या छोट्या चौकटींतून तार ओवली जाते. सुरुवातीची तार बहुधा निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. ती वाकवली तरी मूळ आकारात परत येऊ पाहते आणि तेवढ्या हलक्या ओढीने दात ओळीत येऊ लागतात. पुढे कणखर पोलादी तार घालतात.

योग्य वय कोणते?

सात-आठ वर्षांच्या मुलाचे दात एकदा दाखवून घ्यावेत. दाखवणे म्हणजे लगेच तार लावणे नव्हे. आठ ते दहा वर्षांच्या वयात वरच्या समोरच्या दातांत फट दिसते. अकरा-बाराव्या वर्षी सुळे उतरले की ती बहुधा आपोआप भरते. परंतु वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, किंवा खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीच्या वयातच उपचार करणे हिताचे. जबड्याची वाढ संपली की अशा दोषाला कधीकधी शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही.

नेहमीची तार बहुधा बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास लावतात. मोठ्यांचेही दात सरकतात. त्यासाठी हिरड्या निरोगी हव्यात, आणि तंबाखू-गुटखा सोडलेला असावा.

काही शंका

तार लावल्यावर किंवा ताणल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात, नंतर थांबते. उपचार चालू असताना दात किंचित हलतात, तो कामाचाच भाग आहे. नव्या जागी हाड भरले की ते घट्ट होतात. जागा करण्यासाठी कधी दोन ते चार दात काढावे लागतात. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत, त्यामुळे दात काढल्याने नजर जात नाही.

एका घरगुती उपायाविषयी मात्र आम्ही कळकळीने सांगतो. समोरच्या दोन दातांतील फट बुजवण्यासाठी त्यांना रबर बांधू नका. ते रबर सरकत हिरडीत शिरते, मुळाभोवतीचे हाड खाते, आणि दोन्ही चांगले दात गमवावे लागतात. रस्त्यावर बसून दात बसवून देणाऱ्यांकडेही जाऊ नये.

कोठे जावे, खर्च किती?

या शाखेला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. बी.डी.एस. झाल्यावर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम केलेले डॉक्टर यातील तज्ज्ञ असतात. खाजगी दवाखान्यात खर्च मोठा असतो. तेव्हा एकूण रक्कम, हप्ते आणि तार निघाल्यानंतरचा खर्च आधीच लेखी घ्यावा. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात चौकशी करावी. जालन्याहून हे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे, रेल्वेने किंवा एस.टी.ने जाऊन त्याच दिवशी परत येता येते. तेथे वेळ अधिक लागतो, पण शुल्क खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असते. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा मुलांचे दातही तपासले जातात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

अर्धवट सोडू नका

पैसे भरून उपचार सुरू केला आणि बारावीची परीक्षा, बदली किंवा हंगामामुळे मध्येच जाणे बंद केले, तर तोटा दुहेरी होतो. तार तशीच राहते, तिच्याभोवती अन्न साचते, दात किडतात आणि हिरड्या सुजतात. दर चार ते सहा आठवड्यांनी जाणे जमेल काय, याचा विचार घरात बसून आधीच करावा. चिक्की, ऊस, सुपारी आणि फुटाणे टाळावेत, प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा.

तार निघाली म्हणजे काम संपले असे नाही. दातांना जुन्या जागी परतण्याची ओढ असते. डॉक्टर दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी देतात, तिला रिटेनर म्हणतात. ती सांगितल्याप्रमाणे लावावी, नाहीतर दोन वर्षांचे कष्ट वाया जातात.

दुधाचा दात वाचवायला पैसा कमी लागतो, लक्ष अधिक लागते. तेवढे लक्ष प्रत्येक घराने दिले, तर आपल्या अनेक मुलांना तारेची गरजच पडणार नाही. आणि ज्यांना पडेल, त्या मुलामुलींना वेळेवर उपचार मिळून तोंडावर हात न धरता चारचौघांत बोलता येईल.