तिफणीचे माप

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात बलुतेदारांच्या थोरल्या कासेत सुतार येतो. हा मान कशाचा, हे मला कोशातून नव्हे, तर चांदूर रेल्वेजवळच्या एका गोठ्यात आढ्याला टांगलेल्या तिफणीवरून उमगले.

आमच्या वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात. त्याची तिफण म्हणजे बाभळीचे दिंड, त्यात ठोकलेले तीन दाते, वेळूच्या तीन नळ्या आणि वर चाडे. चाड्याला तीन छिद्रे. मुठीतले बी तिन्हींतून सारखे उतरले पाहिजे. एक छिद्र अरुंद पडले, तर ते तास विरळ उगवते.

खरे कसब मात्र दात्यांमधल्या अंतरात होते. तेच अंतर पिकाच्या दोन तासांत उतरते. पुढे डवरणीच्या वेळी डवऱ्याची पास त्याहून अरुंद हवी. नाहीतर तणाबरोबर पीकही कापले जाते. सुताराचे बलुते खळ्यावरच्या धान्यातून मिळे, म्हणजे हे माप त्याच्याही पोटाशी बांधलेले होते.

मी दात्यांमधले अंतर दोरीने घेऊन कोपऱ्यातल्या डवऱ्याला लावले. पास दोन्हीकडून बोटभर आत बसली. कुठे कागद नाही, आकडा नाही. एका अवजाराचे माप दुसऱ्यात जपलेले.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावर हे अंतर नट ढिले करून बदलता येते. ते सोयीचेच आहे. पण जुनी अवजारे जपणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: जोडी फोडू नका. तिफण एका घरी आणि डवरा दुसऱ्या घरी गेला, की सुताराची विद्या जाते आणि हाती नुसते लाकूड उरते.