फ्रूट लोफ फुगतो तो सोड्याने, विजेने नव्हे

नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात राहून सुकामेव्याचा लोफ बेकरीतून आणायचा, कारण घरी तो जमत नाही. त्याला अंडी, यीस्ट, तासभर फेटणं आणि बिल वाढवणारा ओव्हन लागतो, असं सर्रास मानलं जातं. यातली एकही अट खरी नाही. झटपट लोफ फुगतो तो कार्बन डायऑक्साइडने, आणि खाण्याचा सोडा आंबट पदार्थाला भेटला की हा वायू लगेच सुटतो. एक कप मैद्याला पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही एवढ्यावर काम भागतं. इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३मध्ये बेकिंग पावडर तयार केली, तीही बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, सोड्यात नसतं. म्हणून दोन्ही एकच समजून अदलाबदल केली की लोफ बसतो, नाहीतर साबणासारखा लागतो. सोडा वाढवला की लोफ जास्त फुगतो, हेही खोटं. बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात आणि मधला भाग खचतो.

अंड्याशिवाय लोफ भुगा होतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात आणि लोफला आकार देतात. पण मैद्यातलं ग्लूटेन आणि पिष्ट तेच काम पुरेसं करतात. ग्लूटेन मात्र ढवळण्याने वाढतं, त्यामुळे मिश्रण फेटत राहिलं तर लोफ चिवट होतो. कोरडं ओल्यात घालून मैदा दिसेनासा होईपर्यंतच हलवावं आणि ढोकळ्याच्या पिठासारखं लगेच भांड्यात ओतावं. वायू कुणाची वाट पाहत नाही. बेदाणे तळाशी बसतात ते मैद्यात घोळवले नाहीत म्हणून नव्हे, मिश्रण पातळ झालं म्हणून. संत्र्याच्या फोडी घातल्या तर पाणी सुटून लोफ गिच्च होतो. थोडं दही कमी करून रस घालावा आणि साल किसून घ्यावी, तीही फळ सोलण्याआधी. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसणं म्हणजे बोटांशी वैर. (टुटीफ्रुटी म्हणजे बहुधा पाकवलेली कच्ची पपई, तिच्याकडून फळाच्या चवीची अपेक्षा नको.)

राहिला विजेचा प्रश्न. ६६० मेगावॉटचे तीन वीजनिर्मिती संच असलेल्या कोराडीतही मीटर फुकट फिरत नाही, हे मान्य. पण १५०० वॉटचा छोटा ओव्हन ४५ मिनिटं अखंड चालला तरी सव्वा युनिटसुद्धा जळत नाही, आणि ठरलेलं तापमान गाठल्यावर तो अधूनमधून बंदच असतो. २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, त्याची कुणी धास्ती घेत नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर लोफ होतो. वरून फक्त तांबूस रंग येत नाही. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की लोफ उतरवा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका.